धागा: काजूचा उतारा पडतो तो मशीनमुळे, की शेडमधल्या वागण्यामुळे?

बोर्मा (धागाकर्ता)

‘कामाच्या ठिकाणची संस्कृती’ म्हटलं की आपल्याकडचा युनिटवाला लगेच बाहेर टेम्पो आला का ते बघायला उठतो. त्याच्या लेखी हे काचेच्या इमारतींतलं खूळ. म्हणून तो शब्द तूर्त बाजूला ठेवतो आणि सगळ्यांना कळणारा एकच आकडा धरतो: उतारा.

हिशोबासाठी एक कल्पित युनिट घ्या. रोज १००० किलो बी, उतारा २५ टक्के, म्हणजे २५० किलो गर. त्यात अख्खा ७० टक्के, १७५ किलो. अख्ख्याचं प्रमाण ६५ वर घसरलं तर रोज साडेबारा किलो गर अख्ख्यातून पाकळी-तुकड्यात जातो. किलोमागे १०० रुपयांचा फरक धरा. रोजचे १,२५० रुपये, २६ दिवसांचे ३२,५००. हे नुकसान ग्रेडिंगच्या टेबलावर समोर दिसतं, म्हणून त्यावर आरडाओरडाही होतो.

आता उताराच २५ वरून साडेचोवीसवर आला असं समजा. रोज ५ किलो गर कमी. सरासरी दर ७०० धरला तर ३,५०० रुपये रोज, महिन्याला ९१,०००. हे कुठल्याच टेबलावर दिसत नाही. हा गर टरफलाला चिकटून ढिगात जातो, आणि ढीग टरफलाचं तेल काढणाऱ्याच्या गाडीत.

तांत्रिक कारणं सगळ्यांना पाठ आहेत, तरी एका ओळीत मांडतो कारण पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे. बी चाळून आकारवार वेगळी न करता एकत्र वाफवली तर बारीक बी जास्त शिजते, जाड कच्ची राहते. कच्च्या बीचा गर टरफल सोडत नाही. जास्त वाफवलेल्या बीत टरफलाचं तेल गरात उतरतं आणि गर काळवंडतो. वाफवलेली बी रात्रभर थंड न होता कटिंगला आली तर गर मऊ असतो, पात्याला चिकटतो. बोर्म्यात, म्हणजे गर सुकवायच्या भट्टीत, साधारण ६५ ते ७० अंशांवर सहा-आठ तास लागतात. ट्रे खाली-वर फिरवले नाहीत तर एका ट्रेमधला गर कडक होऊन सोलताना फुटतो आणि दुसऱ्यातल्या गराची साल निघतच नाही, मग सुरी लावावी लागते आणि गरावर ओरखडे येतात.

आता बघा: वाफेची चूक सगळ्यात आधी कुणाला कळते? कुकरवाल्याला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाच मिनिटांत कटिंगवालीला कळते. सुकवण्याची चूक बोर्मावाल्याला नाही, सोलणारीला कळते. चूक करणारा एका टप्प्यावर, चूक ओळखणारी पुढच्या टप्प्यावर, आणि मध्ये मुकादम. ती खबर त्याच तासाला उलट्या दिशेनं गेली तर एक लॉट खराब. महिनाअखेरीच्या हिशोबात कळली तर सव्वीस लॉट खराब.

माझं म्हणणं एवढंच आहे की संस्कृती म्हणजे ही खबर उलटी जायला लागणारा वेळ. तो घड्याळावर मोजता येतो. मान्य नसेल त्यांनी खुशाल झोडावं.

दर_आधी

झोडतो. वेळ वगैरे काही नाही हो, मजुरी किलोवर आहे हेच कारण आहे. कटिंगवालीला फोडलेल्या गराचे किलोमागे पैसे मिळतात. कच्ची वाफवलेली बी आली हे सांगायला ती उठली, मुकादमाला शोधलं, मुकादमानं कुकरवाल्याला बोलावलं, तिघांची हुज्जत झाली, यात तिची पाऊण तासाची मजुरी गेली. तेवढ्या वेळात ती वाईट बीच फोडत बसली असती तर निदान किलोभराचे पैसे तरी मिळाले असते. ती गप्प बसते यात संस्कृती कुठे आली? सरळ हिशोब आहे. दर वाढवा, किंवा रोजंदारी करा. बाकी गजाली.

बोर्मा

दर_आधी, पाऊण तासाचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण दर वाढवून तो सुटत नाही. दर वाढला की त्या पाऊण तासाची किंमतही वाढते, मग ती आणखी गप्प बसेल. रोजंदारी केली तर गप्प बसायचं कारण जातं, पण फोडायचा वेगही जातो, आणि छोट्या युनिटला ते झेपत नाही. मधला उपाय साधा आहे: कटिंगवालीनं लॉट थांबवला आणि तपासणीत तिचं म्हणणं खरं निघालं, तर थांबलेल्या वेळाची मजुरी तिच्या मागच्या आठवड्याच्या सरासरीनं द्यायची. खोटं निघालं तरी कापायचं काही नाही, फक्त जादा मिळत नाही. तपासणी म्हणजे दहा बिया हातानं फोडायच्या. दहापैकी तीन-चारांत गर टरफलाला घट्ट चिकटलेला निघाला तर लॉट परत कुकरला. पाच मिनिटांचं काम.

लाल_माती

दंडाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. बऱ्याच ठिकाणी तुकड्यावर मजुरी कापतात, किंवा अख्खा अमुक टक्क्यांच्या वर गेला तर बक्षीस देतात. दोन्हींचा परिणाम एकच.

मशीनवर बसलेल्या बाईच्या हाताकडे नीट बघा. डाव्या हातानं बी पात्यात धरायची, पायाचं पेडल आणि उजव्या हातातला दांडा चालवला की टरफल दोन भागांत उघडतं. अख्खा गर निघाला तर तो पुढच्या टोपलीत. फुटला तर? अर्धी पाकळी टरफलात अडकलेली असते. ती सुईनं काढायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि काढली तर ती तिच्याच टोपलीत ‘तुकडा’ म्हणून मोजली जाणार. मग ती पाकळी टरफलासकट डाव्या बाजूच्या ढिगात जाते. हाताची तीच हालचाल, फक्त सुई उचलली जात नाही. लांबून बघणाऱ्याला कळतही नाही.

महिन्याअखेरीस अख्ख्याचं प्रमाण ७० वरून ७३ वर गेलं म्हणून मालक पेढे वाटतो. उतारा २५ वरून २४ वर आला हे लक्षातच येत नाही, कारण ‘यंदा बीच हलकी आली’ असं आधीच ठरलेलं असतं. दर_आधी म्हणतात तसं पैशाचंच गणित आहे, मान्य. पण तुकडा दाखवला तर शिक्षा आणि लपवला तर बक्षीस, हे गणित मालकानं स्वतः घातलेलं असतं.

यावर तीन आकडे एकत्र धरावे लागतात. एकटा कुठलाच नको.

एक, दर किलो बीमागे एकूण गर. दोन, त्यातला अख्खा. तीन, टरफलात राहिलेला गर. तिसऱ्यासाठी रोज एक किलो टरफल उचलायचं, त्यातला गर सुईनं काढून तोलायचा. माणसाच्या नावानं नव्हे, लॉटच्या नावानं. माणसाच्या नावानं केलंत की दुसऱ्याच दिवशी टरफल शेजारणीच्या ढिगात जाईल.

दर_आधी

शेजारणीच्या ढिगात! ताई, हे मात्र खरं लिहिलंत.

वाचनवेडी

लाल_माती यांनी जे लिहिलं त्याचा जुना भाऊबंद सांगते. शिकागोजवळ सिसेरो इथे वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९२४ पासून १९३२ पर्यंत कामगारांवर अभ्यास झाले. उजेड वाढवला, विश्रांती दिली आणि उत्पादन वाढलं, एवढीच गोष्ट सगळे सांगतात. शेवटचा भाग फार कमी लोक सांगतात. १४ पुरुषांचा एक गट टेलिफोनच्या स्विचची तारजोडणी करत होता, आणि पगारात सामूहिक उत्पादनाचा वाटा होता, म्हणजे जास्त काम तर जास्त पैसे. तरी गटानं आपसात ‘दिवसाचं रास्त काम’ ठरवलं होतं, आणि त्यावर कुणी गेला की त्याच्या दंडावर ठोसा बसायचा. सगळे झेपेल त्यापेक्षा कमी करत. कारण भीती होती: जास्त करून दाखवलं तर दर कापतील किंवा माणसं कमी करतील.

म्हणजे दर_आधी, पैशाचं आमिष होतंच. ते चाललं नाही, कारण दर टिकेल असा भरवसा नव्हता. काजूच्या शेडमध्ये एखादी बाई रोज १२ किलो फोडायला लागली आणि पुढच्या हंगामात ‘सगळ्यांना जमतंय की’ म्हणून दर खाली आला, तर त्या शेडमध्ये पुन्हा कुणी दहाच्या वर जात नाही. तोंडी ठरत नाही, लिहून ठेवत नाही, पण नव्या मुलीलाही पहिल्या आठवड्यात कळतं.

व्यवस्थापनाचे अभ्यासक एडगर शाइन यांनी संस्कृतीचे तीन थर सांगितले होते. वर डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू आणि रीती, मग तोंडानं सांगितलेली मूल्यं, आणि तळाशी कुणीच बोलून न दाखवलेली गृहीतकं. ‘गुणवत्ता हाच आमचा धर्म’ ही पाटी वरच्या दोन थरांतली. ‘१० च्या वर गेलीस तर सगळ्यांचा दर जाईल’ हे तळातलं. शेड चालते तळातल्यावर.

उपाय: दर हंगामाच्या सुरुवातीला लेखी जाहीर करायचा आणि संपेपर्यंत कमी करायचा नाही. कागदावर सही, कागद शेडमध्ये.

खाडीकाठ

काजूचं चालू द्या, पण मासळी प्रक्रियेतला एक प्रकार याच जातीचा आहे.

शीतगृहाचं तापमान दर तासाला लिहायचं असतं, उणे १८ किंवा त्याखाली. तक्ता बघून कारखान्याचं वागणं ओळखायचं असेल तर आकडे वाचू नका, आकड्यांचा नाद वाचा. खऱ्या तक्त्यात −२०, −२१, −१९, मध्येच −१६, परत −२० असं दिसतं. कारण डिफ्रॉस्ट चालतं, दार उघडतं, गाडी भरते. ज्या तक्त्यात आठही तास −२०, −२०, −२० आहे, एकाच पेनानं, एकाच दाबानं, तो शिफ्ट संपताना एका बैठकीत भरलेला आहे. त्या कागदापेक्षा कोरा कागद बरा. कोरा कागद निदान खोटं बोलत नाही.

असा कागद भरणारा माणूस आळशी नसतो. त्यानं कधीतरी −१६ लिहिलेलं असतं आणि ‘हे काय लिहिलंस, ऑडिटला दाखवायचंय’ असं ऐकलेलं असतं. एकदा पुरतं.

मेटल डिटेक्टरचंही तसंच. लोखंड, लोखंडाव्यतिरिक्त धातू आणि स्टेनलेस स्टील असे तीन चाचणीचे तुकडे ठरावीक वेळानं मशीनमधून पाठवायचे. यातला एक जरी तुकडा मशीनकडून सुटला तर मागच्या चांगल्या चाचणीपासूनचा सगळा माल बाजूला काढून पुन्हा तपासायचा. तासाला चाचणी असेल तर एका तासाचा माल अडतो. सकाळनंतर चाचणीच नसेल तर दिवसभराचा. चाचणी जितकी विरळ, तितकी नापास सांगायची किंमत मोठी, तितका खोटं लिहायचा मोह मोठा. लोक म्हणतात, ‘वारंवार तपासणी म्हणजे अविश्वास’. उलट आहे. वारंवार तपासणीमुळे खरं सांगणं स्वस्त होतं.

बोर्मा

‘खरं सांगणं स्वस्त होतं’ हे धाग्याच्या शीर्षकात टाकायला हवं होतं. लॉट लहान ठेवायचा सल्लाही यातूनच निघतो. ५०० किलोचा लॉट परत कुकरला घाला म्हणायला जीभ अडखळते, ८० किलोचा सहज जातो.

वाचनवेडी

खाडीकाठ यांच्या तक्त्यावरून एक आठवलं. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या वॉर्डांचा अभ्यास केला. जिथे माणसं एकत्र चांगलं काम करतात तिथे औषधांच्या चुका कमी असतील, अशी अपेक्षा. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त. नंतर उलगडलं की तिथे चुका सांगितल्या जात होत्या, इतर ठिकाणी दाबल्या जात होत्या. त्यामुळे ज्या शेडमध्ये ‘परत कुकरला’ या रकान्यात महिनाभर शून्य आहे, तिथला कुकर फार चांगला आहे असं मानू नये.

देवगडी

आंब्याचंही थोडक्यात. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, काढताना फळ निसटलं आणि पडलं. वरून काहीच दिसत नाही. आतला मार चार-सहा दिवसांनी, पिकताना दिसतो, तोवर फळ पेटीत मुंबईला पोचलेलं असतं. शेजारची दोन फळंही घेऊन बसतं. पडलं हे फक्त काढणाऱ्याला माहीत. म्हणून झाडाखाली वेगळ्या रंगाचा एक क्रेट ठेवायचा, ‘पडेल’चा. त्यात टाकलेल्या फळाबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही. कोण जास्त टाकतो हे मोजायचंही नाही, निदान पहिले पंधरा दिवस. संध्याकाळी क्रेट रिकामा असेल तर खूश होऊ नका. एवढ्या झाडांवरून दिवसभरात एकही फळ पडलं नाही, असं होत नाही.

आणि एक. बागांत नेपाळी माणसं बरीच असतात. देठ किती ठेवायचा, चीक फळावर कसा उतरू द्यायचा नाही हे मराठीत ओरडून सांगून उपयोग नाही. चांगलं फळ आणि वाईट फळ शेजारी ठेवून दाखवायचं.

तांडेल_५

होडीवर बघा. मासळी विकली की डिझेल, बर्फ, शिधा असा खर्च वजा जातो आणि उरलेल्याचे वाटे पडतात, मालकाचे, होडीचे, जाळ्यांचे, खलाशांचे. प्रमाण बंदरागणिक वेगळं. बर्फ सगळ्यांच्या वाट्यातून जातो, म्हणून बर्फ किती भरायचा यावर बंदरातच तोंडं वाजतात, आणि ते बरं असतं. माल मऊ पडला तर खोटं बोलायला कुणाला कारणच नाही, तोटा सगळ्यांचा. खाली बर्फाचा थर, मग मासळी, मग बर्फ, पाणी खाली निथळून गेलं पाहिजे. जो थर हलका घालील त्याला बाकीचे तिथल्या तिथे शिव्या घालतात. मुकादम लागत नाही.

पण उचल मध्ये आली की हे मोडतं. ऑगस्टला हंगाम सुरू व्हायच्या आधी खलाशाला हजारो रुपये उचल दिलेली असते. ती फिटेपर्यंत तो होडी सोडू शकत नाही, आणि सोडू शकत नाही तो तोंडही उघडत नाही. इंजिनचा आवाज बदललाय, जाळ्याचा दोर झिजलाय, बघितलं तरी गप्प. मालवणीत सांगायचं तर, देवाक गाऱ्हाणा घालीत, पण मालकाक सांगूचो नाय.

दर_आधी

तांडेलदादा, हे माझ्याच बाजूचं झालं ना? वाटा म्हणजे पैसा, उचल म्हणजे पैसा.

लाल_माती

अर्धं तुमच्या बाजूचं. पण पैसा किती यापेक्षा पैशानं माणूस बांधला की मोकळा केला हे महत्त्वाचं. काजूतही सणाला उचल देतात. द्यावीच, नाहीतर माणसं येणार नाहीत. फक्त वही दोन प्रतींत हवी, एक तिच्याकडे. हप्ता ठरलेला हवा, आणि उचल बाकी असताना काम सोडलं तरी शिल्लक मजुरी अडवायची नाही. उचलीची वही एकट्या मुकादमाच्या पिशवीत असेल तर त्या शेडमध्ये कुकरची तक्रार कधीच येणार नाही, लिहून ठेवा.

मुकादमावरून दुसरी गोष्ट. लॉट कोण वाटतो? जाड बी हाताला आली तर तासाला जास्त किलो पडतात, बारीक बी आली तर तेवढ्याच कष्टात कमी. मुकादमाच्या वाडीतल्या बायकांना जाड बी आणि खाडीपलीकडच्यांना बारीक, हे न सांगता चालतं. कुणी भांडत नाही, कारण उद्या त्याच मुकादमाच्या घरच्या लग्नाला जायचं असतं. मग अख्ख्याचं प्रमाण बायकांनुसार वेगळं दिसतं आणि ‘पलीकडच्या बायका निष्काळजी’ असं निदान होतं. औषध दोन प्रकारचं: सकाळी चिठ्ठ्या टाकून टोपल्या वाटायच्या, किंवा आकारानुसार दर वेगळा ठेवायचा. चिठ्ठी जास्त बरी. दर वेगळा ठेवला की बीचा आकार कोण ठरवणार यावर नवं भांडण.

रुळाकडेचा

काम थांबवायच्या अधिकाराचा एक नमुना आपल्या दारातलाच आहे. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत रोह्यापासून ठोकूरपर्यंत पूर्ण खुली झाली. पावसाळ्यात डोंगरकापणीच्या भागांत गस्तवाले रात्रंदिवस रूळ चालत असतात. दरड दिसली की गस्तवाल्यानं कुणाची परवानगी मागायची नसते. लाल दिवा दाखवत पळायचं, ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक फटाका, पुढे १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतरानं तीन फटाके रुळावर लावायचे. चाकाखाली ते फुटले की लोको पायलट गाडी थांबवतोच. गस्तवाला खात्यातला सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस, आणि तो राजधानी थांबवतो. नंतर दरड छोटीच निघाली तरी ‘उगाच का थांबवलीस’ विचारायचं नाही.

शेडमध्ये याचं भाषांतर कसं करायचं ते काजूवाल्यांनी ठरवावं.

वाचनवेडी

भाषांतर जपून करा हं. टोयोटाच्या कारखान्यांत कुठलाही कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातला फ्रेमाँटचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच पुन्हा उघडला, बहुतेक जुने कामगार, तीच युनियन. पूर्वी गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम असलेली तीच माणसं उत्तम गाड्या बनवू लागली. मग जनरल मोटर्सनं दुसरीकडे दोऱ्या टांगून बघितल्या. दोरी टांगली, पण ओढल्यावर धावत मदतीला येणारा गटप्रमुख टांगता येत नाही. लाइन थांबली की बोलणी खावी लागत असतील तर दोरीवर धूळ बसते.

बोर्मा

शेडसाठी ठोस सांगतो. शिट्टी, घंटा, लाल फडकं, काहीही चालेल. महत्त्वाचं पुढचं आहे: वाजल्यावर मुकादमानं कुठून यायचं, किती वेळात यायचं, पहिलं वाक्य काय बोलायचं. पहिलं वाक्य ‘काय झालं?’ नको, त्यात आवाज चढतोच. ‘दाखव’ म्हणायचं. ती बी दाखवते, दहा बिया फोडायच्या, निकाल लॉट कार्डावर.

कार्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा, टोपलीच्या कडीला सुतळीनं. त्यावर लॉटचा नंबर, बीचा आकार, कुकरचा दाब, मिनिटं, कुकर उघडल्याची वेळ, कटिंग सुरू झाल्याची वेळ, बोर्म्यात घातल्या-काढल्याची वेळ. बस. रकाने वाढवलेत तर खाडीकाठनी सांगितलेला −२०, −२०, −२० तक्ता तयार होईल. खाली एक रिकामी ओळ, ‘मागच्या टप्प्याला निरोप’. सोलणारी तिथे लिहिते: ‘वरचा ट्रे कडक’. लिहिता येत नसेल तर वर बाण, खाली बाण.

हे कार्ड ग्रेडिंगवर जमा होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुकरवाला आणि बोर्मावाला ते वाचून मग आग पेटवतात. दहा मिनिटं, उभ्यानं, मालक असला तर उत्तम पण बोलायचं त्यानं शेवटी.

नवा_पाट

विचारायचं होतं, हातमोज्यांचं काय? मोजे दिलेले असतात, खिळ्याला टांगलेले असतात. तेलानं हात सोलवटतात तरी कुणी घालत नाही.

लाल_माती

मोज्यानं बोटाची जाण जाते, वेग कमी होतो, किलोवर मजुरी. दर_आधींचंच गणित. टरफलाचं तेल कातडी जाळतं, एरंडेल नाहीतर खोबरेल लावून वर राख चोळायची रीत जुनी आहे, पण तिचा थर तासा-दोन तासांत निघून जातो. म्हणून तेल-राखेसाठी दर दोन तासांनी पाच मिनिटं सगळ्यांनी एकदम थांबायचं. एकदम, म्हणजे कुणाचीच मजुरी शेजारणीपेक्षा मागे पडत नाही. एकेकटीला ‘जा, लावून ये’ म्हटलं तर कुणी उठणार नाही. आणि कटिंगच्या हातानं सोलण्याच्या टेबलाला शिवायचं नाही, तेलाचा डाग गरावर येतो.

नवी मुलगी टिकत नाही तेही हातामुळेच. पहिले दोन आठवडे तिचे हात जळतात आणि किलोही पडत नाहीत, मजुरी नगण्य, तिसऱ्या आठवड्यात घरी. निदान पहिला महिना रोजंदारी द्या आणि अनुभवी बाईच्या उजव्या बाजूला बसवा, हाताची हालचाल तिथून दिसते. त्या अनुभवी बाईचे थोडे किलो कमी पडतील, ते भरून द्या. नाहीतर ती शिकवणार नाही, आणि का शिकवावं?

दर_आधी

बरं, एक मान्य करतो. दर तोच ठेवूनही हे सगळं करता येण्यासारखं आहे. पण गैरहजेरीचं काय? लावणीला शेड ओस, गणपतीत ओस, भातकापणीला ओस, शिमग्याला तर बोलूच नका. बायोमेट्रिक बसवूनही ओस.

बोर्मा

लावणी थांबत नाही, मग बायोमेट्रिकनं काय होणार? ज्या दिवशी माणसं येणार नाहीत हे पंचांग आणि पाऊस दोघांना माहीत आहे, तो दिवस मालकाला अचानक कसा वाटतो हेच कोडं आहे. मे महिन्यात वाडीवार कागद फिरवायचा: लावणीचे दिवस कुणाचे कधी. एकमेकींच्या शेतावर आलटून-पालटून जाणाऱ्या बायका स्वतःच पाळ्या लावतात, त्यांचं नियोजन आपल्यापेक्षा चांगलं असतं.

गणपतीसाठी उलटी मोजणी. बंद व्हायच्या चार दिवस आधी शेवटचा कुकर. तीन दिवस आधी शेवटचं कटिंग आणि त्याच दिवशी बोर्मा. दोन दिवस आधी सोलणं, आदल्या दिवशी ग्रेडिंग आणि डबे बंद. वाफवलेली बी किंवा न सुकवलेला गर भाद्रपदाच्या दमट हवेत पाच-सात दिवस राहिला तर बुरशी ठरलेली. सुकवून न सोललेला गरही ओल धरतो आणि साल परत चिकटते. ‘हरतालिकेपर्यंत काम करा’ म्हणून शेवटच्या दिवशी कुकर पेटवला की त्या एका दिवसाच्या लोभापायी आख्खा लॉट जातो. गौरी-विसर्जनानंतर पहिल्या दिवशी निम्मीच माणसं धरायची आणि लहान लॉट लावायचा.

खाडीकाठ

रजेबद्दल एक भर. रजा ‘मागायची’ की ‘सांगायची’, यावर बरंच ठरतं. मागितल्यावर नाही मिळणार असं वाटलं की माणूस सांगतच नाही, सरळ येत नाही. दोन दिवस आधी सांगितलेली रजा नाकारायची नाही, एवढा एकच नियम पाळला तरी निदान सकाळी किती हात आहेत ते आदल्या रात्री कळतं.

नवा_पाट

लाल_माती ताई, टरफलाचा एक किलोचा नमुना ढिगाच्या कुठून घ्यायचा? वरून घेतला तर हलकी टरफलंच येतात.

लाल_माती

ढिगातून घेऊच नका. गराचे तुकडे टरफलांच्या फटींतून खाली घसरतात, वरचा नमुना नेहमी चांगला येतो आणि मालक खूश होतो. ढिगाकडे जाणारं घमेलं दिवसातून चार वेळा अडवा, वेळ ठरवू नका. प्रत्येक वेळी पाव किलो, घमेलं उलटं करून तळापासून. चारही एकत्र करून मग सुई लावा. आणि ज्या बाईचं घमेलं अडवलं तिला तिथेच सांगा की नाव लिहीत नाही. वही उघडी ठेवा, तिला दिसू दे.